पोहता न येणाऱ्यांना कॅरिबियनच्या किनाऱ्यावर पाकटं आणि मोठे मासे दिसतील का?

दिसतील. पोहता येत नाही, ही यात अडचणच नाही.

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात सासू-सासऱ्यांना घेऊन कॅरिबियनला जायचं आहे, दोघांनाही पोहता येत नाही, तर गुडघाभर पाण्यात पाकटं (स्टिंगरे, शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे) आणि मोठे मासे खरंच दिसतात का, आणि चुकून पाय पडला तर काय. मी न्यू जर्सीत राहते. अमेरिकी व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉनला तीनदा जाऊन आले, त्यातल्या दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती. आई रेवदंड्याची. सगळा जन्म समुद्राकाठी गेला, पण पोहणं शून्य. मी मास्क लावून, तोंड पाण्यात खुपसून जे पाहिलं त्यापेक्षा जास्त तिने काठावर उभं राहून पाहिलं. म्हणून तिच्याच पद्धतीने सांगते.

आधी जागा. सेंट जॉनला विमानतळ नाही. सेंट थॉमसला उतरायचं, तिथल्या रेड हूकहून फेरीबोटीने वीसेक मिनिटांत क्रूझ बे, हे सेंट जॉनचं बंदर. बेटाचा निम्म्याहून जास्त भाग 1956 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे किनाऱ्यांवर हॉटेलांची भिंत नाही. गाडी भाड्याने घेणार असाल तर एक गंमत: तिथे आपल्यासारखं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, पण स्टिअरिंगही डावीकडेच. घाटासारखे चढउतार आहेत. नवरा पहिला तासभर एक शब्द बोलला नाही.

सगळ्यांना तिथला ट्रंक बे हा किनारा माहीत असतो, फोटोत तोच असतो. तुम्ही माहो बे आणि त्याच्या पुढचा फ्रान्सिस बे धरा. माहोला रस्ता अगदी वाळूला लागून जातो, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना चालवावं लागत नाही. पाणी बरंच आतपर्यंत उथळ, तळाशी वाळू आणि समुद्री गवत. गवत खायला कासवं येतात, वाळूतले शिंपले-किडे खायला पाकटं येतात. आपल्याकडे भरती-ओहोटीत पाणी दोन-चार मीटर वरखाली होतं आणि गढूळ असतं. तिथे जेमतेम फूटभर फरक. त्यामुळे पाण्याची वेळ बघत बसायला नको. बघायची ती उन्हाची वेळ. दोन्ही किनारे साधारण पश्चिमेला तोंड करून आहेत, म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो. नऊच्या सुमाराला, वारा सुटण्याआधी, पाणी काचेसारखं असतं. दुपारी तीनला त्याच जागी नुसता चकचकाट दिसेल आणि सासरे म्हणतील, इथे काही नाही. पोलराइज्ड गॉगल मात्र घ्याच, प्रत्येकाला एक. पाण्यावरची चमक तो कापून टाकतो. या सहलीतला सगळ्यात वसूल झालेला खर्च तोच.

आता बघायचं कसं. मासा शोधू नका, मासा दिसतच नाही. वाळूवरची सावली शोधा. शिवाय पाकट चरून गेलं की वाळूत पसरट खड्डे राहतात, परातीएवढे. ते तोंडातून पाण्याचा झोत मारून वाळू उकरतं. खड्ड्याच्या कडा ठसठशीत असतील तर पाहुणा आत्ताच उठून गेलाय.

आईने पहिलं पाकट पाहिलं ते खड्ड्यावरून नाही, एका छोट्या माशावरून. पाण्यात काळपट वीतभर मासा एकाच जागी घुटमळत होता, आणि ती म्हणाली, “हा कोणाची वाट बघतोय?” बार जॅक म्हणतात त्याला. एरवी चंदेरी-निळा असतो, पण पाकटाच्या पाठीवर राहून त्याच्या उकरणीतलं खायला लागला की अंग काळं करतो. त्याच्या खाली नीट पाहिलं तर वाळूत दोन डोळे, आणि डोळ्यांच्या मागे दोन भोकं, उघडझाप करणारी. तोंड खाली वाळूत पुरलेलं, म्हणून श्वासाचं पाणी ते वरच्या भोकांतून घेतं. बाकी सगळं अंग वाळूखाली. पाचेक मिनिटं आम्ही तशाच उभ्या होतो. मग वाळूचा एक पदर उचलला गेला आणि चटईएवढं पाकट कडा लहरवत निघून गेलं, मागोमाग तो काळा जॅक. आईचं पहिलं वाक्य, “एवढ्याचं कालवण गावाला पुरलं असतं.” शेजारच्या अमेरिकन बाईने काय म्हणाल्या असं विचारलं. मी म्हटलं, फार सुंदर आहे म्हणाली.

तिथलं नेहमीचं पाकट हे असं, करडं-तपकिरी, वाळूत दडणारं. दुसरं ठिपक्याठिपक्यांचं, घारीसारखे पंख हलवत पाण्याच्या मधल्या थरातून जाणारं. ते काठाजवळ कमी थांबतं, पण कधी अख्खंच्या अख्खं पाण्याबाहेर उडी मारतं. पहिल्या आवाजाला मान वळवली तर फक्त शिंतोडे दिसतात. नजर तिथेच ठेवा, पुन्हा मारण्याची शक्यता असते.

डंखाचं. 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनात कितीतरी लोकांना पाकटांनी काटा मारला होता, ते तुमच्या सासूबाईंना आठवत असेल आणि त्या पाण्यात उतरायला तयार नसतील. पण तिथे काय झालं होतं? गढूळ पाणी, अंधार, हजारो पाय. पाकट हल्ला करत नाही. पाठीवर पाय पडला की शेपटी वर फेकतं. सेंट जॉनला पाय दिसत असतो आणि पाकटही. तरी चालताना पाऊल उचलून टाकायचं नाही, तळवे वाळूतून घासत न्यायचे. ती थरथर कळली की ते आपणहून निघून जातं. आणि लागलंच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने नासतं. काटा खोल रुतला असेल, त्यातही छाती-पोटात, तर उपसायचा नाही, थेट दवाखाना. पाण्याची खोली मांडीपर्यंतच ठेवा म्हणजे छाती-पोटाचा प्रश्नच येणार नाही.

मोठे मासे फ्रान्सिस बेला. तिथे बारक्या माशांचे थवे काठाला येतात, लांबून ढगाची सावली पडल्यासारखे. सावली हलली आणि वारा नसला तर ते मासे. वर पेलिकन धपाधप बुड्या मारत असतात. त्यांच्या खाली टारपन. माणसाएवढा लांब होऊ शकतो, खवले चांदीच्या वाटीच्या बुडाएवढे, खालचा जबडा वर वळलेला, कायम रुसल्यासारखा. मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो, कारण त्याला हवेतूनही श्वास घेता येतो. तो माझ्या गुडघ्याला घासून गेला तेव्हा मी किंचाळले हे कबूल करते. बाकी माणसाशी त्याला काही देणंघेणं नाही.

बाराकुडाही दिसेल, काठीसारखा स्थिर, जबडा उघडमीट करत. तो धमकावत नसतो, श्वास घेत असतो. फक्त चमकणाऱ्या वस्तूला तो मासा समजू शकतो, म्हणून सासूबाईंच्या बांगड्या, चेन खोलीवर. आईने मंगळसूत्र काढायला नकार दिला, मग ब्लाउजच्या आत पिन लावून ठेवलं. खायला घालणं, हात लावणं मना आहे. सनस्क्रीन इथून नेणार असाल तर वेष्टन वाचा: ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेलं तिथे 2020 पासून चालत नाही.

कुणीतरी तुम्हाला ग्रँड केमनचं स्टिंगरे सिटी सुचवेलच. बोटीने नेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभं करतात आणि पाकटं पायात घोटाळतात. कोळी तिथल्या शांत पाण्यात मासळी साफ करायचे, त्या आतड्यांच्या वासाने ती जमायला लागली, मग पर्यटक आले. हमखास दिसतात, खोटं नाही. पण आयतं खायला मिळतं म्हणून एरवी रात्री चरणारी ती तिथे दिवसा भटकतात. मला काही ते रुचलं नसतं. तुमच्याकडे एकच दिवस असेल आणि क्रूझ तिथेच थांबत असेल तर जा.

डिसेंबरबद्दल एक: हिवाळ्यात कधी उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात आणि बेटाच्या उत्तर किनाऱ्याचं, म्हणजे माहो आणि फ्रान्सिसचंही, पाणी दोन-तीन दिवस गढूळ होतं. तसं झालं तर बेटाच्या दक्षिण बाजूचा सॉल्ट पॉन्ड बे. गवत, कासवं, पाकटं तिथेही आहेत. गाडी लावून दहाएक मिनिटं उताराने चालावं लागतं. जाताना काही वाटत नाही, येताना भर उन्हात तोच चढ आहे. सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत ते बघून ठरवा.