डॉक्टरांनी विचारलं, लांबचं हवं की जवळचं?

प्रश्न : वय ६१. आठव्या वर्षापासून चष्मा आहे, आता दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे १२. दोन्हीकडे मोतीबिंदू. डॉक्टर विचारतात, चष्म्याशिवाय लांबचं दिसायला हवं की जवळचं? मुलगा म्हणतो, लांबचं घे, चष्म्याची कटकटच नको. पण मी चष्मा काढूनच वाचते, बारीक भरतकाम करते. ते गेलं तर? बोलून दाखवलं की घरचे हसतात.

उत्तर : ताई, हसण्यासारखं यात काही नाही. प्रश्न तुम्हाला विचारलाय, तेव्हा उत्तरही तुमचंच हवं.

ऑपरेशनात मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवतात; ती लांबच्यासाठी की जवळच्यासाठी, हे डॉक्टर विचारतायत. उणे १२ नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण ८ सेंटीमीटरवरचं स्पष्ट दिसतं. इतक्या जवळून टाका मोठा दिसतो, म्हणून भरतकाम जमतं. ही सोय ऑपरेशननंतर राहणार नाही, कोणतीही लेन्स निवडा. लांबचं घेतलंत, तर रस्ता, टीव्ही, माणसं चष्म्याशिवाय दिसतील. वाचायला मात्र चष्मा लागेल. मुलगा नेमकं हेच विसरतोय. जवळचं घेतलंत, म्हणजे उणे अडीचच्या आसपास नंबर ठेवला, तर ४० सेंटीमीटरवरचं पुस्तक उघड्या डोळ्यांनी वाचता येईल आणि बाहेर जाताना पातळ काचांचा चष्मा लावावा लागेल. जन्मभर चष्मा लावलेल्या आणि दिवसभर वाचन-विणकाम करणाऱ्या माणसाला आमच्या मते हेच जास्त मानवतं. बारीक टाक्यांसाठी दिव्याचं भिंग घ्या.

दूर-जवळ दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्सही सुचवली जाईल. तिने रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, आणि डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) कमजोर असेल तर ती टाळलेलीच बरी.

मोठ्या उणे नंबरचा डोळा लांबट असतो : नेहमीचा सुमारे २३.५ मिलिमीटर, असा २६ च्या पुढे. त्यामुळे लेन्सचा हिशेब थोडा चुकू शकतो, आणि जुन्या सूत्रांनी तो बहुधा प्लस नंबराकडे झुकतो. तसं झालं तर चष्म्याशिवाय ना लांबचं नीट, ना जवळचं. लांबट डोळ्यासाठी कोणतं सूत्र वापरणार, हे डॉक्टरांना खुशाल विचारा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर मोजमापाआधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे, कडक त्याहून जास्त दिवस बंद ठेवा; बुबुळाचा आकार बदललेला असेल तर माप चुकतं.

बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी आधीच करून घ्या. लांबट डोळ्यात पडदा पातळ असतो, आणि ऑपरेशननंतर तो सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, तोही काही वर्षं. अचानक विजेसारखे लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा सडा किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं दिसलं, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही ती अडचण मधल्या काळाची. एक डोळा झाला, दुसरा उणे १२. चष्म्याने दोघांना एकत्र आणता येत नाही, कारण प्रतिमांचा आकारच वेगळा पडतो. डोकं गरगरतं, जिन्याची पायरी चुकते. दुसऱ्या डोळ्यात तात्पुरती कॉन्टॅक्ट लेन्स घाला, किंवा दुसऱ्या ऑपरेशनची तारीख आधीच, शक्यतो दोन-तीन आठवड्यांत, ठरवून टाका. मोतीबिंदू ‘पिकू’ देण्याची वाट तर मुळीच पाहू नका. कडक झाला की तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळाला त्रास होतो.

ऑपरेशन बहुधा थेंबांच्या भुलीवर, पंधरा-वीस मिनिटांत होतं. लांबट डोळ्यात सुईची भूल जास्त जोखमीची, म्हणून थेंबांबद्दल आवर्जून विचारा. मध्येच डोळा दाबल्यासारखं दुखलं तर हलू नका, तोंडाने सांगा. नंतर थेंब सुमारे महिनाभर, सांगितलेल्या क्रमाने कमी करत. रात्री डोळ्यावर कवच, आठवडाभर डोळ्यात पाणी नाही, चोळणं नाही.

चेहरे आणि लांबच्या पाट्यांवरची अक्षरं मोठी दिसतील, कारण जाड काचा सगळं लहान करून दाखवत होत्या. निळा रंग जास्त निळा वाटेल. नवा चष्मा चार-सहा आठवड्यांनी नंबर स्थिरावल्यावरच करा, आधी केलात तर काचा पुन्हा बदलाव्या लागतील.