साडेदोन वाजले!

"घरी शिकवतोय खरं, पण मूल मागं तर पडत नाही ना?" मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे सांगलीतले पालक माझ्याकडे आले, की हाच प्रश्न घेऊन येतात.

अशाच एका आईची ही हकिगत, ओळखीच्या खुणा बदलून. मुलगा आठ वर्षांचा. सकाळी आठ ते दुपारी दोन घरात अक्षरशः शाळाच भरायची. आजीचं रोजचं पालुपद, "कितवीला हाईस रं तू?"

कागदाची काळजी एका भेटीत मिटली. एनआयओएस, म्हणजे घरी शिकूनही परीक्षा देता येणारं केंद्राचं मुक्त शाळा मंडळ; त्याचे अ, ब, क हे स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरतात. दहावीला बसायला 14 वर्षं पूर्ण लागतात. खरं दुखणं वेगळंच होतं.

"मॅडम, लग्नात सगळ्यांसमोर म्हणाला, साडेदोन वाजले! भावंडं खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

मी मुलालाच विचारलं, "साडेदोन कुठून काढलंस?"

"साडेपाच, साडेचार, साडेतीन... मग साडेदोनच की!"

आईकडे वळले. "हा नियम त्याला कुणी शिकवला?"

"कुणीच नाही..." ती थबकली. मग मुलाकडे बघत राहिली, बराच वेळ.

साडे तीनपासून पुढं लागतं. दीड आणि अडीच भाषेनं वेगळे ठेवलेत. ऐकून पाठ करणारं मूल ही चूक करणारच नाही, ती नियम शोधणाऱ्याचीच. म्हणून मुलाच्या चुकीवर हसू आलं, की मी आधी त्यामागचा नियम विचारते. इतक्या वर्षांत या प्रश्नानं मला क्वचितच रिकाम्या हाती परत पाठवलंय.

वेळापत्रक मोडलं. सकाळी वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका, एक वाचनाची, एक गणिताची. बाकी वेळ घरातली खरी कामं. रात्री एका वहीत तारीख घालून दोनच ओळी: आज काय गंमत झाली, आणि न सांगता काय केलं. इथं हमखास घसरतं. पालक लिहितात, "आज हुशारीनं वागला." त्यावरून महिन्याभरानं काहीच कळत नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. आणि ती वही पाहुण्यांसमोर वाचायची नाही. एकदा हसं झालं, की मूल मोठ्यानं विचार करणं सोडतं.

या घरी हळद होती. मुलानं बारा किलो ओली हळद मोजून घेतली, आजीबरोबर उकडली, उन्हात पसरली आणि दर दोन दिवसांनी वजन लिहून ठेवलं. वाळून ओल्याच्या पाचवा हिस्सा, फार तर पाव उरते, हे आजीला तोंडपाठ. त्याला ते काट्यावर दिसलं.

वहीतली पंधराव्या दिवसाची नोंद आईनं मला दाखवली:

"आजी, साडेदोन... थांब, अडीच! बाराची अडीचच झाली. बाकीचं सगळं पाणी होतं व्हय गं?"

खाली आईच्या अक्षरात एवढंच होतं, "आजींनी आज कितवी विचारली नाही. वजनाचा कागद देवघरात ठेवला."