फॉल्स सीलिंग केलं तर माटोळी कुठे बांधायची?

घर-सजावटीबद्दल वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : ताई, फोंड्याला नवीन टू बीएचके घेतलाय. मुलीला हॉलभर फॉल्स सीलिंग, कडेने प्रोफाइल लाइट आणि टीव्हीच्या मागे फ्लूटेड पॅनल हवंय. सासूबाईंचं म्हणणं यंदापासून चवथ इथेच करायची. सीलिंग करावं का नको? – एक वाचक, फोंडा

उत्तर : करा की, पण कॉन्ट्रॅक्टर यायच्या आधी सासूबाईंना हॉलमध्ये उभं करा आणि विचारा गणपती कुठे बसणार. कारण गणपती जिथे, त्याच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळं-भाज्या टांगलेली लाकडी चौकट, आणि इंटरनेटवरच्या एकाही सुंदर हॉलमध्ये माटोळीची जागा काढलेली नसते, ते हॉल बनवणाऱ्यांना चवथ माहीतच नाही. पाच-सहा नारळांची एक पेंड धरली तरी सहा-सात किलो सहज होतात, मग केळ्यांचा घड, चिबूड, निरफणस, सुपारीचे घोस, हे सगळं जिप्समच्या बोर्डाला लटकवलं तर आरतीच्या आधीच खाली येईल. पत्र्याची फ्रेम असते ना आत, तीसुद्धा ह्या वजनासाठी नसते.

उपाय सोपा आहे. सीलिंगची फ्रेम मारायच्या आधी चौकटीच्या मापाने चार अँकर फास्टनर थेट स्लॅबमध्ये मारून घ्या, त्यांचे हूक सीलिंगच्या बाहेर डोकावतील एवढे लांब ठेवा, आणि भोकांवर छोटी झाकणं लावा. वर्षभर कुणाला दिसणारही नाही, हवं तर एका हुकाला केनचा लॅम्प टांगा. पंख्याचंही तसंच, तो स्लॅबलाच अडकला पाहिजे.

आता हॉलभर सीलिंग पाहिजेच का हे मुलीला माझ्याकडून विचारा. फ्लॅटची उंची साडेनऊ फुटांच्या आसपास असते, त्यातले सहा-आठ इंच सीलिंगने खाल्ले की पंखा खाली येतो आणि खोली बुटकी दिसते. कडेने दीड-दोन फुटांची पट्टी करून मध्ये स्लॅब उघडा ठेवला तरी प्रोफाइल लाइट मस्त बसतात. आणि तुमचा मजला शेवटचा असेल तर मी सरळ नकोच म्हणेन, वरून पाणी मुरलं तर सीलिंगच्या पोटात काय चाललंय ते कळतच नाही, कळतं तेव्हा बोर्ड फुगून डाग आलेला असतो. करायचंच असेल तर ओलाव्यासाठीचा हिरवा जिप्सम बोर्ड मागा. फ्लूटेड पॅनलबद्दल एवढंच की त्या खाचा कोण पुसणार ते आधी ठरवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खिडक्या बंद असतात आपल्या, खाचांत धूळ आणि धुळीवर बुरशी, एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं असेल तर विचारूच नका.

प्रश्न : डिचोलीजवळ सासरचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं. वसरीच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल येते, रंगाचे पोपडे निघतात. दीर म्हणतात पीव्हीसी पॅनल मारून टाकूया. मला तो लाइमवॉशचा लुक आवडतो. चवथीआधी होईल ना? – एक वाचक, डिचोली

उत्तर : वहिनी, पॅनल नको. पॅनलमागे ओल तशीच राहते, फक्त तुम्हाला दिसायची बंद होते, आणि पुढच्या वर्षी कमरेपर्यंतची खांद्यापर्यंत चढलेली असते. चिरा सच्छिद्र दगड, तो जमिनीतलं पाणी वर ओढतो, आणि ते पाणी भिंतीतून बाहेर सुकलं पाहिजे. बाहेरून सिमेंट आणि आतून प्लास्टिक पेंट असा दोन्हीकडून कोंडला की ते वाट शोधत वरच जाणार, जाताना क्षार सोडणार, तोच तुमचा लोणा.

आधी बाहेर जाऊन बघा. कौलांच्या पागोळ्या भिंतीच्या पायाशीच पडतात का, अंगणात फरशी घालताना जमीन भिंतीच्या बाजूला उतरती झालीय का, वसरीच्या लादीपेक्षा बाहेरची माती वर आलीय का. बऱ्याच घरांत दुखणं इथेच असतं आणि पन्हळ लावून, माती खाली घेऊन, पाण्याला बाहेर उतार दिला की अर्धं काम होतं. जुनी माणसं पावसाआधी भिंतीला झावळ्यांच्या झडी बांधायची ते काय उगाच नाही.

ओल भिंतीतून येते की हवेतून हे बघायचं असेल तर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप मारून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर भिंत ओली, बाहेरून आले तर नुसता हवेचा दमटपणा.

आणि लाइमवॉश म्हणजे आपला चुनाच हो, फोटोंमुळे महाग झालेला! तुमच्या भिंतीला तोच योग्य, कारण चुना लावलेली भिंत श्वास घेते. पोपडे, पुट्टी, सिमेंटचा गिलावा निघेल तेवढा काढा, चुन्याचा गिलावा करा, वर चुन्याचे पातळ हात. पण चवथीआधी नाही! आपल्याकडे सगळं गाव ऑगस्टमध्ये रंग काढतं, म्हणजे वर्षातली सगळ्यात ओली भिंत असते तेव्हा, आणि मग दिवाळीला पेंटरला शिव्या. यंदा चवथीला भिंत पुसून रांगोळी-तोरणावर भागवा, काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये धरा. खाली हातभर पट्टा कावेच्या लाल रंगाचा घेतलात तर आणखी छान, आपल्या जुन्या देवळांतली कावी बघितलीय ना, पांढऱ्या चुन्यावर लाल थर देऊन तो कोरून काढलेली नक्षी, तेवढेच दोन रंग आणि तरी नजर हटत नाही.

प्रश्न : कळंगुटला समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्या आणि हँडल तीन वर्षांत गंजले. स्टेनलेस स्टील सांगूनच विकले होते. आता काय घेऊ? – एक वाचक, कळंगुट

उत्तर : स्टेनलेसमध्ये ग्रेड असतात. साधारण दुकानात मिळतं ते 304, चांगलंच असतं, पण खाऱ्या वाऱ्यात त्यावरही डाग येतात. समुद्राजवळ 316 मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मिठाला जास्त टिकतं. मिळालं नाही किंवा बजेटमध्ये बसलं नाही तर हँडल चक्क काढून टाका आणि दाराला खाच ठेवा, सध्या तशीच फॅशन आहे. प्लायचं विचाराल तर सिंकखाली आयएस 710 छापलेला मरीन, बाकीकडे बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, चालेल. एमआर ग्रेड म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, पण नावात ओलावा असला तरी ओल्या जागी नाही. कॅबिनेट जमिनीवर टेकवू नका, चार इंचांचे प्लास्टिकचे पाय द्या.

प्रश्न : मोका मूस कलर ट्रेंडमध्ये आहे ना? पर्वरीला बेडरूम अंधारी आहे, चारी भिंतींना मारू का? – एक वाचक, पर्वरी

उत्तर : दरवर्षी एक रंग जाहीर करणाऱ्या पॅन्टोन कंपनीने तो 2025 साठी जाहीर केला होता, 2026 ला लगेच क्लाउड डान्सर आला, जवळजवळ पांढराच! त्यांच्यामागे पळून रंग बदलायचे तर पेंटर घरीच ठेवावा लागेल. अंधाऱ्या खोलीत तपकिरी फक्त पलंगामागच्या भिंतीला द्या, बाकी ऑफव्हाइट. बल्ब 2700 ते 3000 केल्विनचे लावा, 6500 च्या पांढऱ्याफटक उजेडात हाच रंग चिखलासारखा दिसतो.

प्रश्न : वास्कोला भाड्याने राहते, मालक खिळाही मारू देत नाही. तरी घर जरा स्टायलिश कसं करू? – एक वाचक, वास्को

उत्तर : छतावरची ट्यूब संध्याकाळी बंद ठेवा आणि दोन कोपऱ्यांत दोन लॅम्प लावा, एवढ्यानेच खोली वेगळी दिसते. सोफा मालकाचा असला तरी कुशन तुमची, कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्याची शिवून घ्या, आणि डिचोलीच्या कुंभारांकडची एखादी मोठी घागर, त्यात सुकलेली माडाची पोय. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातली निळ्या-पांढऱ्या आझुलेजुंची भिंत आवडत असेल तर तसल्या चार टाइल लाकडी फ्रेममध्ये बसवून घ्या आणि टेबलावर भिंतीला टेकवून ठेवा. खिळा नको, आणि घर सोडताना बरोबर नेता येतात. फक्त फ्रेम सागाची किंवा फणसाची घ्या, एमडीएफची घेतलीत तर पहिल्याच पावसाळ्यात कोपरे उकलतील.