चकची चावी

दहावीनंतर मुलाला आयटीआयला घातलेले पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ते साधारण दिवाळी ते सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा या काळात. तोवर फायलिंग, म्हणजे कानशीने धातू घासून, हात बसलेला असतो आणि मुलं मशीनवर गेलेली असतात. प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, पोराला मशीनची भीती बसलीय. ट्रेड बदलून घेऊ, का काढूनच टाकू?" यंदा तीन घरांनी हेच विचारलं, म्हणून एका मुलाबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

टर्नर ट्रेड, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातायचं काम, पहिलं वर्ष. वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी. आपसात तेलुगू, माझ्याशी मराठी. पंधरा दिवस मुलाचं पोट दुखत होतं, पण फक्त प्रॅक्टिकलच्या वेळेला. थिअरीच्या तासाला तो ठणठणीत!

"नवी पेठेतनं हातमोजे आणून दिले की," आई म्हणाली. "सिद्धरामेश्वराला जाऊन दोरा बांधला मनगटाला. तरी जाईना वर्कशॉपला."

इथे मला आधी आईलाच थांबवावं लागलं. लेथ किंवा ड्रिलसारख्या फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नसतात. फिरणाऱ्या जॉबने, म्हणजे कातायच्या धातूच्या तुकड्याने, कापडाचं टोक पकडलं की पाठोपाठ हात ओढला जातो. दोरा, कडं, अंगठी, सुटी बाही यांचंही तेच. वेल्डिंगला चामडी हातमोजे हवेतच, लेथला नकोत. मायेने दिलेली वस्तूच घात करू शकते हे तिला सांगणं मला जड गेलं. तिने मात्र तिथल्या तिथे दोरा सोडला आणि मुलाच्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

पहिल्या दोन भेटींत मुलगा "काही नाही" यापलीकडे बोलला नाही. तिसऱ्या वेळी मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. म्हटलं, "मला लेथ शिकव. काहीच माहीत नाही असं समज."

तो खुलला. बेड, हेडस्टॉक, टेलस्टॉक, टूलपोस्ट, सगळं सफाईने काढलं. इतकं प्रेम असलेला मुलगा मशीनला भिऊन पळत नाही, एवढं मला तेव्हाच कळलं. जॉब पकडून फिरवणारा चक काढला, त्यावरचं चौकोनी भोक काढलं आणि पेन्सिल तिथेच थांबली.

"हे कशासाठी?"

"चावी घालायला. जॉब घट्ट करायचा. मग चावी काढायची."

"आणि काढायची राहिली तर?"

बराच वेळ तो भोक गिरवत राहिला. मग सगळं बाहेर आलं. एका लेथभोवती पाच जण उभे होते. त्याने जॉब आवळला, कुणीतरी हाक मारली, याने वळून उत्तर दिलं आणि मशीन चालू केलं. चावी सुटली ती मित्राच्या कानाजवळून जाऊन शटरवर आदळली. सर पलीकडच्या बाजूला होते. पोरं हसली, चावी उचलून जागेवर ठेवली आणि सरांना कुणीच सांगितलं नाही.

"पुन्हा विसरलो तर, मॅडम? त्याला लागली असती तर?"

अशा वेळी आपल्या सगळ्यांच्या तोंडी येणारं वाक्य म्हणजे "नाही रे, आता नाही विसरणार तू". ते मी गिळलं.

"विसरशील," मी म्हणाले. "पुन्हा विसरशील. मीही विसरले असते."

त्याने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भरवसा आहे, तो अशाच क्षणांमुळे. झालेल्या प्रसंगापेक्षा त्याभोवती धरलेला हट्ट माणसाला जास्त जखडतो. या मुलाचा हट्ट होता, 'माझी चूक कधीच होता कामा नये'. तो पाळणं अशक्य, म्हणून मशीनपाशी जाणंही अशक्य. मी त्याला एकच काम दिलं : सरांना घडलेलं सांगायचं आणि चावी विसरू नये म्हणून ते स्वतः काय करतात हे विचारायचं.

तो सांगून आला. सर आधी रागावले, मग अख्ख्या बॅचला लेथपाशी नेऊन त्यांनी आपली सवय दाखवली : चावी चकमध्ये आहे तोवर हात चावीवरच. हात सोडायचा तर चावी घेऊनच सोडायचा, हाक कुणाचीही येवो. हात काढला की आपोआप बाहेर पडणारी स्प्रिंगची चावी असते, हेही त्यांनी सांगितलं.

"म्हणजे विसरतात हे त्यांना माहीतच आहे की," मुलगा मला म्हणाला. मी इतकी वर्षं हे काम करते, पण वर्कशॉपच्या सुरक्षेबद्दल मला एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. गार्ड, गॉगल, लाल इमर्जन्सी बटण, सगळं काही माणूस चुकणार हे धरूनच केलेलं आहे.

पालकांनो, म्हणून "सांभाळून कर" एवढंच सांगून थांबू नका. ते ऐकून मूल चूक झाकायला शिकतं. रोज संध्याकाळी विचारा, "आज कोणता अपघात थोडक्यात टळला?" आणि उत्तर आलं की पहिली पाच मिनिटं रागावू नका. ट्रेड बदलण्याचा निर्णय त्यानंतर. मात्र अपघात पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, महिनाभर झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

चौथ्या भेटीला वडील आले. भुवईवर जुना व्रण होता. मुलाने चावीचं सांगितल्यावर ते खूप वेळ गप्प राहिले. मग व्रणाला बोट लावून म्हणाले, "हे धोटा उडून झालं. तू लहान होतास. घरी सांगितलं, पडलो म्हणून." धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन धावणारा तुकडा; तो उडाला तर अडवायला मागाला दांडी असते. तुटलेला धागा सांधताना आड येते म्हणून यांनी ती काढून ठेवली होती. मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला.

गड्डा उतरल्यावर मुलगा स्टेप टर्निंगचा जॉब दाखवायला आला, वडील सोबत होते. निघताना दारात थांबून ते म्हणाले, "दांडी बसवली परत, मॅडम. दोन्ही मागांना. धागा सांधायला जरा वेळ लागतोय आता."