‘मी त्याला ढकललं’

‘मित्र बुडत होता आणि मी स्वतःला सोडवून घेतलं. मी माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीचा आहे का?’ तिशीतल्या एका तरुणाने मला हे विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आग, पूर, अपघात यांतून वाचलेली बरीच माणसं असाच काहीसा प्रश्न घेऊन येतात.

तलावात पोहताना मित्राच्या पायात गोळा आला. हा जवळ पोहोचताच त्याने याच्या गळ्याला मिठी मारली. दोघंही खाली गेले. याने गुडघा त्याच्या छातीला लावून जोरात रेटलं, सुटला, वर आला. श्वास घेऊन पुन्हा बुडी मारली, पण गढूळ पाण्यात काही दिसेना.

नंतर कुणा नातेवाइकाने त्याला बिरबलाच्या माकडिणीची गोष्ट ऐकवली: पाणी नाकाशी आलं की आईसुद्धा पिल्लाच्या डोक्यावर उभी राहते. सांगणाऱ्याला धीर द्यायचा असणार. याला मात्र त्यात आपल्या पायाखालचं पिल्लूच दिसलं. ही गोष्ट अशा वेळी कुणी कुणाला सांगू नये.

‘तुझी काही चूक नाही’ हे मी पहिल्या भेटीत म्हणत नाही. ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं आणि पुढचं तो गिळून टाकतो. त्याऐवजी आम्ही घटना सावकाश, क्रमाने पाहिली. बुडणाऱ्याला बहुतेक वेळा हाकही मारता येत नाही. तोंड पाण्यावर ठेवण्यातच सगळी ताकद जाते. हाताला लागेल त्याला धरून तो वर चढू बघतो, त्यावर त्याचा ताबा नसतो. म्हणून जीवरक्षकांना आधी काठी पुढे करायला, दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकायला शिकवतात. पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी. आणि मिठी बसलीच, तर सुटायचं कसं हेही शिकवतात.

‘शिकवतात?’ त्याने दोनदा विचारलं.

पुढच्या वेळी तो १८८४ सालचा एक खटला वाचून आला. ‘मिन्योनेट’ नौका बुडाल्यावर होडीत उपाशी पडलेल्या खलाशांनी बरोबरच्या आजारी पोराला मारून खाल्लं होतं. जीव वाचवायला मारलं, हा बचाव इंग्लंडच्या न्यायालयाने मानला नाही. दोघांना फाशी सुनावली, पुढे ती ६ महिन्यांच्या कैदेवर आली. ‘मग मी कोण?’

मी म्हटलं, त्या पोराने कुणाचा गळा धरला नव्हता. त्यांनी त्याला निवडून मारलं. तू सुटलास आणि पुन्हा त्यालाच शोधायला खाली गेलास. दुसऱ्यासाठी आपल्याला झेपेल तेवढा धोका पत्करावा, असं मी मानते. त्याच्याबरोबर मरणं कुणाचंही कर्तव्य आहे, असं मात्र मला वाटत नाही.

एका बाबतीत मी त्याला सूट दिली नाही. अंत्यविधीनंतर तो मित्राच्या घरी फिरकलाच नव्हता. शेवटी काय घडलं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो जाईपर्यंत बऱ्याच भेटी गेल्या.

मित्राच्या आईने खूप विचारलं: काही बोलला का, त्रास झाला का. मिठीचं ऐकल्यावर त्या रडल्या, पण त्याला जा म्हणाल्या नाहीत. वडिलांनी एवढंच विचारलं, ‘इतके दिवस का नाही आलास?’

त्याला उत्तर देता आलं नाही. आता आमच्या भेटींत तलावापेक्षा याच प्रश्नावर जास्त बोलणं होतं.