कोऱ्या नाण्याला दीडशे?

प्रश्न : माझा नातू नाणी जमवतो. महाद्वार रोडवर एकानं त्याला वीस रुपयांचं कोरं करकरीत नाणं ‘दुर्मीळ’ सांगून १५० रुपयांना विकलं. एवढी किंमत असते का? – एक आजी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही हो आजी. तेवढ्यात तुमची दोघांची मिसळ झाली असती! बारा कडांचं हे नाणं २०२० पासून चलनात आहे. बँकेत त्याचे वीसच मिळणार.

नातवाला सालाखालची खूण बघायला शिकवा : हिरा मुंबई टांकसाळीचा, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, खूण नसेल तर कोलकाता. खरी गंमत यातच. कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना सुटे नीट बघून घ्या. टांकसाळ संग्राहकांसाठी वेगळे संच जादा किमतीला विकते, पण ते थेट तिच्याकडूनच घ्यावेत.