गोष्टीला तात्पर्य एकच असते का?

आपण विचारले आहे की, बोधकथेचे मूलभूत घटक कोणते आणि गोष्ट संपल्यावर मुलांना तात्पर्य सांगावे का. पात्रे, स्थळकाळ, पेच आणि त्याची उकल हे घटक कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतील. तात्पर्याविषयी माझे मत ठाम आहे : ते सांगू नये, विचारावे.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहून मी पाचवीत शिकत असताना परीक्षेत माकड आणि मगराची गोष्ट आली होती. जांभळे खाऊ घालणाऱ्या माकडाचे काळीज बायकोला हवे म्हणून मगर त्याला पाठीवर घेऊन निघतो आणि काळीज झाडावरच राहिल्याचे सांगून माकड काठ गाठते. 'संकटात प्रसंगावधान राखावे' हे अपेक्षित तात्पर्य होते. मी लिहिले, 'मगराने मिळालेला मित्र गमावला.' गुरुजींनी शून्य दिले, त्याचे विशेष काही वाटले नाही. पण घरी आबांनीही, 'शहाणे माकड सोडून तुला मगराचीच बाजू कशी सुचली?' असे विचारले, ते मनाला लागले.

पुढे महाविद्यालयात असताना करवीर नगर वाचन मंदिरातून पंचतंत्र आणून मी सगळे वाचले. ही गोष्ट चौथ्या तंत्राची, म्हणजे भागाची, मुख्य कथा आहे आणि त्या तंत्राचे नावच 'लब्धप्रणाश', म्हणजे मिळालेले हातचे जाणे, असे आहे. शिवाय मुळात गोष्ट माकडाच्या सुटकेवर थांबत नाही; मगराची बायको उपाशी राहून मरते, त्याचे घर दुसरा मोठा मगर बळकावतो आणि बेघर झालेला हा मगर त्याच माकडाकडे सल्ला मागायला येतो. शाळेच्या पुस्तकातून हे सारे गाळल्यावर मगराचे दुःख मुलांना दिसणार कसे? मी पुस्तक आबांसमोर ठेवले, तेव्हा त्यांनी तंत्राच्या आरंभीच्या श्लोकावर बोट ठेवले : प्रसंग ओढवल्यावर ज्याची बुद्धी ढळत नाही तोच पाण्यातल्या वानरासारखा तरून जातो.

श्लोक गुरुजींच्या बाजूचा आहे, हे मान्यच केले पाहिजे; हातचे गेले ते सावज की मित्र, यावरही वाद घालता येईल. पण एकाच तंत्राचा श्लोक माकडाकडे आणि नाव मगराकडे पाहत असेल, तर पाचवीतल्या मुलीच्या उत्तराला शून्य देण्याचा अधिकार कोणालाही नव्हता, आणि आबांना मी हे शेवटपर्यंत सांगत राहिले.